पुन्हा करून दाखवा

समोरच्या दारावर पितळेची पाटी आहे आणि तिच्यावर नाव आहे, पण आमच्या इमारतीत ते कोणी घेत नाही. सगळे त्यांना पुन्हाकाका म्हणतात. पाठीमागे पुन्हाकाका, तोंडावर नुसतं काका. त्यांना हे ठाऊक आहे, आणि मनातून त्याचं कौतुकच वाटतं असा माझा संशय आहे.

काका प्रोग्राम लिहितात. मोबाइलवरचे नव्हेत. दवाखान्यात, गोदामात, चष्म्याच्या दुकानात जो कॉम्प्युटर वर्षानुवर्षं एकाच टेबलावर ठाण मांडून बसलेला असतो, त्याच्यावर चालणारे. एका लहानशा कंपनीत त्यांचं आयुष्य गेलं, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यापासून कंपनीनेच त्यांना घरून काम करायची मुभा दिली आहे. प्रोग्राम लिहिणं हे त्यांचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे तो चालेनासा झाला की लोकांची बोलणी खाणं. फोन येतो, पलीकडचा माणूस तावातावाने सांगायला लागतो, आणि काका शांतपणे म्हणतात, “काय झालं ते सांगू नका. पुन्हा करून दाखवा.”

लोक चिडतात. बिघडलेली गोष्ट मुद्दाम पुन्हा बिघडवायची हे कोणाच्या पचनी पडत नाही. माझ्या तर मुळीच नाही. मी गाडी चालवायला शिकवते, आणि माझ्या धंद्यात कोणी चूक पुन्हा करून दाखवायला लागलं तर मला आणि समोरच्या खांबाला, दोघांनाही ते महागात पडेल. पण काकांचं म्हणणं असं की जो बिघाड आपल्या डोळ्यांदेखत होत नाही, तो दुरुस्त झाला असं कोणी छातीठोक सांगू नये. एखादा बिघाड आपोआप नाहीसा झाला की लोक हुश्श करतात. काकांना त्या दिवशी जेवण जात नाही.

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंचा किस्सा ते रंगवून सांगतात. माहिती साठवायचं बटणच पडद्यावरून गायब झालंय, अशी बाईंची तक्रार होती. कंपनीतल्या मंडळींनी तोच प्रोग्राम आपापल्या कॉम्प्युटरवर उघडला, बटण जागच्या जागी होतं, आणि “आमच्याकडे तर चालतंय” असं सांगून ती मोकळी झाली. हे वाक्य काकांना शिवीसारखं लागतं. ते उठून दुकानात गेले, बाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, पुन्हा करून दाखवा. बाई पडद्याला नाक टेकवून वाचत होत्या. जगाचे नंबर काढणाऱ्या बाईंनी स्वतःचे डोळे कोणाला दाखवलेच नव्हते. दिसत नाही म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवरची अक्षरंच मोठी करून घेतली होती. अक्षरं फुगली आणि खालचं बटण पडद्याबाहेर ढकललं गेलं. काकांनी प्रोग्राम असा बदलला की अक्षरं कितीही मोठी झाली तरी बटण जागा सोडणार नाही. “आणि बाईंना चष्मा लागला की नाही?” मी विचारलं. “तो माझा विषय नाही,” काका म्हणाले.

दुसरा किस्सा गोदामातल्या हिशेबनिसाचा. तो म्हणे, तुमचा प्रोग्राम माल दोनदा पाठवतो. काकांनी त्याला करून दाखवायला लावलं. त्याने बटण दाबलं, पडदा थिजला, काही हलेना, तसा तो वैतागून बटण दाबतच सुटला. प्रोग्राम मेला नव्हता. दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरकडून उत्तर यायची वाट बघत होता, आणि तेवढ्या वेळात जितकी बटणं दाबली गेली तितके हुकूम एकापाठोपाठ पाळत होता. काकांनी दोन गोष्टी केल्या. वाट बघायचं काम पडद्यामागे सरकवलं, आणि एकदा दाबलं की बटण स्वतःच मिटून “थांबा, काम चालू आहे” असं म्हणेल अशी सोय केली. काकू हे ऐकून म्हणाल्या, “आमच्या घरातही असं एक बटण बसवा. तुम्ही विचारात पडलात की जिवंत आहात की नाही ते मलाही कळत नाही.”

काकूंचं बरोबर आहे. संसारात खटका उडाला तरी काका म्हणतात, “थांब, नेमकं कशावरून सुरू झालं? आधीपासून पुन्हा सांग.” पुन्हा सांगेपर्यंत काकूंचा राग उतरलेला असतो, आणि त्याचाच त्यांना नव्याने राग येतो.

अशा माणसाशी माझं पटण्याचं काही कारण नव्हतं. पटलं ते आईमुळे.

आमच्या घरात दोघी ओरडून पोट भरणाऱ्या. मी गाडीत ओरडते, आई पोहण्याच्या तलावावर ओरडायची. पोरांना पोहायला शिकवण्यात तिचा जन्म गेला. तलावाच्या एका टोकाला उभं राहून तिने “पाय मार!” म्हटलं की दुसऱ्या टोकाचं पोर तर पाय मारायचंच, शेजारच्या बागेत फिरणारे लोकही जरा भराभर चालायला लागायचे. घरी तोच आवाज माझ्यावर चालायचा. मी दाराला किल्ली लावली की आतून हाक यायची, “आलीस का गं?” रोज, न चुकता. आणि मी रोज तितक्याच तुटकपणे म्हणायचे, “नाही, अजून वाटेतच आहे.” ही आमची लाडीगोडी.

मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. जीव वाचेल, त्याची काळजी नको. पण स्वरयंत्र काढावं लागेल.

त्या आठवड्यात घरात कोणी काही बोलत नव्हतं, जेव्हा खरं तर भरपूर बोलून घ्यायला हवं होतं. तेव्हा काका मायक्रोफोन घेऊन आले. म्हणाले, “वहिनी, कपड्यांचं कपाट कुठलं मोठं आहे? कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही.” आईला त्यांनी कपाटाच्या उघड्या दारांमध्ये, साड्या आणि स्वेटरांच्या मधोमध खुर्चीवर बसवलं. आई आधी फार गंभीर झाली. घसा खाकरून म्हणाली, “माझ्या लाडक्या मुली, नेहमी सत्याने वाग.” काकांनी मशीन बंद केलं. “वहिनी, असं कधी बोलला आहात का हिच्याशी? जे रोज बोलता तेच बोला.”

मग आईला सूर सापडला. “गॅस बंद केलास का?” “ओला टॉवेल परत पलंगावर?” “दूधवाला येऊन गेला का?” “माझं डोकं खाऊ नकोस.” “चपला नीट लाव, कोणीतरी तोंडावर आपटेल.” “आलीस का गं?” कपाटातून ती असं तासन्‌तास मला रागावत होती आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. एका वाक्याच्या मध्येच तिला हसू फुटलं. ते पुसून पुन्हा म्हणते म्हणाली. काका म्हणाले, “नको. हसलात तेही ठेवतो.” एरवी पुन्हा म्हटल्याशिवाय ज्यांना करमत नाही, त्यांनी तेवढं एकच पुन्हा म्हणू दिलं नाही.

ऑपरेशन होऊन आई घरी आली तोवर प्रोग्राम तयार होता. पडद्यावर ओळीने बटणं, प्रत्येक बटणावर एक वाक्य. दाबलं की आईचा आवाज. नवीन काही बोलायचं असेल तर खाली टाइप करायचं, ते एक यंत्रातली बाई वाचून दाखवायची. तिला आई “बातम्यावाली” म्हणायची आणि अगदी नाइलाज असेल तेव्हाच बोलू द्यायची. पहिल्या दिवशी मी मुद्दाम बाहेर जाऊन किल्ली लावून आत आले. “आलीस का गं?” ऐकलं, आणि तुटक उत्तर काही मला देता आलं नाही. तेव्हापासून काकांचा कुठलाही हट्ट मला चालतो. त्यांचे आभार मानायला गेले तर म्हणाले, “आभार नकोत. तक्रार असेल तर घेऊन ये. आभारातून मला काही शिकायला मिळत नाही.”

बरेच महिने तक्रार नव्हती. मग प्रोग्राम बंद पडायला लागला.

म्हणजे आपोआप मिटायचा. पडद्यावर काही सूचना नाही, काय बिघडलं ते सांगणारा मजकूर नाही, आत्ता होता आणि आत्ता नाही. मी कामावरून येऊन पाहिलं की पडदा रिकामा आणि आई हाताची घडी घालून बसलेली. मी पुन्हा चालू करायचे, माझ्यासमोर तो शहाण्यासारखा चालायचा. काय केलंस म्हणून विचारलं की आई हात हलवायची, काही नाही. हळूहळू तिने त्याला हात लावणंच सोडलं. तिला वाटायला लागलं की आपणच काहीतरी मोडलं, आणि आणखी हात लावला तर उरलेलंही जाईल. मी किल्ली लावून आत यायचे आणि घरात चिडीचूप. पूर्वी जी हाक मला कटकट वाटायची, तिच्यासाठी मी दारात उगाच घुटमळत उभी राहायचे. मला ती परत हवी होती. दुसरं काही नको होतं.

काका तेव्हा लेकीकडे गेले होते. माझा स्वभाव थांबण्याचा नाही. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस बोलावला. त्याने चार ठिकाणी टिचक्या मारल्या, मान हलवली आणि म्हणाला, “ताई, फॉरमॅट मारून टाकू. सगळं साफ होईल.” आई खुर्चीतून अशी उठली की बिचारा दोन पावलं मागे सरकला. नेमके त्याच वेळी काका बॅगा घेऊन जिन्यावर आले. बॅगा आमच्याच दारात टाकून आत आले.

“काही पुसायचं नाही,” ते म्हणाले. “वहिनी, तुमच्या आवाजाच्या प्रती माझ्याकडे आहेत, त्याची चिंता सोडा. पण इथलं पुसलं तर बिघाड पळून जाईल आणि कधीतरी परत येईल. मला तो जागच्या जागी हवाय.” दुकानदाराला त्यांनी चहा पाजून पाठवलं. मग आईकडे वळले. “हं वहिनी. पुन्हा करून दाखवा.”

आईने एक बटण दाबलं, दोन दाबली. चाललं. काकांचा चेहरा पडला.

प्रती आहेत म्हटल्यावर आईने पुन्हा बटणांना हात लावला, आणि प्रोग्राम पुन्हा अधूनमधून बंद पडायला लागला. पुढचे काही दिवस काका रोज स्टूल घेऊन आले. नवीन काय बसवलं, काय बदललं, विचारून झालं. डिस्क भरली आहे का ते पाहिलं. एकेका वाक्याची फाइल खराब तर नाही ना म्हणून निम्मी वाक्यं बाजूला काढली, मग उरलेली निम्मी. आपल्या घरी, आपल्या कॉम्प्युटरवर तसाच प्रोग्राम चालवून बटणं दाबली. सगळीकडे सगळं ठीक. मी विचारलं, “काका, कोणतं बटण कधी दाबलं हे प्रोग्राम कुठे लिहून ठेवत नाही का? बाकीच्यांचे ठेवतात ना?”

“बाकीच्यांचे ठेवतात. हा नाही ठेवत.”

“का?”

“घरात कोण काय बोललं ते लिहून ठेवतात का? वहिनींचं बोलणं आहे ते. मी मुद्दामच तशी सोय केली नाही. आता त्याचीच किंमत मोजतोय.”

रविवारी मी घरी होते. काका जिन्यात भेटले तेव्हा सहज म्हणाले, “आज पडला का बंद?” मी म्हटलं, “रविवारी नाही पडत तो. सुट्टी असते त्याला.” मी आपली वैतागून बोलले होते. पण काका पायरीवरच थांबले. “रविवारी कधीच नाही?” कधीच नाही. “आणि तुला कामावर सुट्टी असते तेव्हा?” तेव्हाही नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, पण मला बघत होते असं वाटलं नाही.

सोमवारी दुपारी आले आणि मला म्हणाले, “तुला कोणाला गाडी शिकवायची नाही का?”

“आज दुपार मोकळी आहे.”

“मग नुसतीच फिरून ये. काकूला भाजी आणायची आहे, तिला घेऊन जा. सावकाश जा.”

मी तोंड वाकडं केलं, पण गेले. काकूंना घेऊन अख्खा बाजार पालथा घातला. परत आले तर आईचे डोळे लाल आणि तोंडावर हसू, अशी दोन्ही बरोबर. काका कपाळाला हात लावून बसलेले.

“सापडला,” ते म्हणाले. “वहिनींनी करून दाखवला. चूक माझी आहे. आणि एक नाही, दोन आहेत.”

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. बटण दाबलं की प्रोग्राम त्या वाक्याची फाइल उघडतो आणि ऐकवतो. ऐकवून झालं की ती मिटायला हवी. काका ती मिटायचं लिहायलाच विसरले होते. “दर वेळी पाणी प्यायला नवा पेला घ्यायचा आणि उष्टा तसाच ओट्यावर ठेवायचा. चार वेळा प्यायलात तर कोणाला कळत नाही. पण पीतच राहिलात तर एक वेळ अशी येते की फडताळात पेला उरत नाही. तिथे प्रोग्राम कोसळतो. मी माझ्याकडे बटणं दाबून बघत होतो, पण तितक्या वेळा नाही दाबली.”

“आणि दुसरी चूक?”

“कोसळताना तो ओरडायला हवा होता. काय बिघडलं ते पडद्यावर यायला हवं होतं. ते भलतंसलतं वाचून वहिनी घाबरतील म्हणून मीच त्याचं तोंड बंद केलं होतं. काहीही झालं तरी गुपचूप मीट, असं सांगून ठेवलं होतं. पहिली चूक विसरण्याची आहे, ती कोणाच्याही हातून होते. ही दुसरी मोठी. मी गप्प बसवलं आणि वहिनींना वाटलं, आपलंच चुकलं.”

आईने त्यांच्या दंडावर एक चापट मारली. पोहता न आलेल्या पोराला ती अशीच मारायची, लागू नये अशी.

माझ्या डोक्यात मात्र हिशेब बसेना. “पण काका, आई दिवसभर एकटी असते. कोणाशी इतकं बोलते?”

“ते मला विचारू नकोस,” काका म्हणाले आणि कीबोर्ड पुढे ओढला. आई खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघायला लागली. मी पुढे विचारलं नाही. काकांनी जे बोलणं लिहून ठेवायचं नाही असं ठरवलं होतं, ते मी तरी कशाला उकरून काढू?

दुरुस्ती झाली. आता काही बिघडलंच तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत मजकूर येतो, तो काकांनी मला दाखवला: काहीतरी बिघडलं आहे. तुमची चूक नाही. समोरचं दार वाजवा. याशिवाय वरच्या कोपऱ्यात एक लहानसं हिरवं बटण नव्याने आलं होतं, ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. ते कशाचं म्हणून विचारलं तर म्हणाले, “वहिनींना माहीत आहे.”

काही दिवसांनी एका शिकाऊ बाईंनी ऐनवेळी नकार कळवला आणि मी भरदुपारी घरी आले. शेवटच्या जिन्यावर होते तेव्हा आवाज आला. आईचा. “गॅस बंद केलास का?” मला वाटलं कोणी आलंय. मग लगेच, “ओला टॉवेल परत पलंगावर?” मग, “दूधवाला येऊन गेला का?” मध्ये कोणी उत्तर देत नव्हतं. एकामागून एक वाक्य येत होतं, कपाटात म्हटली होती त्याच क्रमाने. “माझं डोकं खाऊ नकोस.” मग ते हसू. सगळं संपलं, थोडी शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. “गॅस बंद केलास का?”

मी कठड्याला धरून उभी राहिले. रोज दुपारी घर रिकामं झालं की माझी आई स्वतःचा आवाज ऐकत बसायची. बटणामागून बटण दाबत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा. हे ती कोणाला सांगणार होती? मला तर नाहीच. काकांना तिने करून दाखवलं, कारण त्यांनी तेवढंच मागितलं होतं. आणि काकांनी ती फाइल तर मिटलीच, शिवाय तिची बोटं दुखू नयेत म्हणून सगळं ओळीने ऐकवणारं ते हिरवं बटण दिलं.

समोरचं दार किलकिलं होतं. फटीत काका उभे होते, कान देऊन. पूर्वी जिथे प्रोग्राम कोसळायचा ती जागा पार होते की नाही, हे ते ऐकत होते. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, ते दारात, मी जिन्यात. त्या क्षणी मला ते घरातलेच वाटले. आवाज अडला नाही. तिसऱ्यांदा सगळं पार पडलं तेव्हा काकांनी मान डोलावली आणि दार हलकेच ओढून घेतलं. या माणसाचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही. तक्रार काही केल्या सापडत नाही.

मी थोडा वेळ जाऊ दिला. जिन्यावर उगाच पाय आपटले, किल्ल्या वाजवल्या, आणि कुलपात किल्ली घातली. आतला आवाज थांबला. खुर्ची सरकली. मी दार उघडलं.

“आलीस का गं?”

मी चपला काढल्या, नीट लावल्या. आई कॉम्प्युटरसमोर बसून अगदी निरागस चेहऱ्याने माझ्याकडे बघत होती.

“ऐकू नाही आलं, आई,” मी म्हटलं. “पुन्हा म्हण.”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बटण दाबलं.